शेवटची सायकल

रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात समुद्राला लागून दिवेआगर हे गाव वसले आहे. गावाच्या पश्चिमेस सुमारे चार किलोमीटर लांबीची पुळण आहे. पुळणीच्या कडेने सुरूची झाडे व केवड्याची बने, आणि त्यांच्या आत नारळी-पोफळींच्या वाड्या, अशी या गावाची रचना आहे. गाव फार जुने आहे. येथे मिळालेल्या एका ताम्रपटावर शके ९८२, म्हणजेच इ. स. १०६०, हा काळ कोरलेला असून मराठी भाषेतील अतिप्राचीन लेखांत त्याची गणना होते.

गावातील रस्ते सपाट आहेत. त्यामुळे वाडीत शिपणे करण्यास जाणारा माणूस असो, दुकानात जाणारी गृहिणी असो, की शाळेत जाणारी मुले असोत, सायकल ही येथे नित्याच्या उपयोगाची वस्तू आहे. पौष महिना लागला, हवेत गारवा आला, आणि येथील एका शाळेतील सातवी-आठवीच्या मुलांच्या मनात सायकलवरून सहलीस जाण्याचा विचार घोळू लागला. नऊ मुलगे व पाच मुली असे चौदा जण तयार झाले. कोठे जावयाचे, याविषयी कोणाचेच दुमत नव्हते. एका रविवारी पहाटे निघावयाचे, समुद्रकाठाने श्रीवर्धन गाठावयाचे, तेथून पुढे हरिहरेश्वरला जावयाचे आणि रात्रीपर्यंत घरी परतावयाचे, असे त्यांनी ठरवून टाकले.

हरिहरेश्वरची ओढ वाटावी, यात नवल नव्हते. सावित्री नदी जेथे सागरास मिळते, तेथे हे क्षेत्र आहे. देवळामागील डोंगराच्या पायथ्याशी लाटांनी खडक कापून काढले आहेत. त्यांवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी उमटली आहे. त्या खडकांवरूनच प्रदक्षिणेची वाट जाते. वर्गातील अनेकांनी ती वाट केवळ चित्रांत पाहिली होती.

मुले आपला बेत घेऊन भूगोलाच्या गुरुजींकडे गेली. गुरुजींनी तो शांतपणे ऐकून घेतला. ते म्हणाले, “बेत चांगला आहे. पण बेत म्हणजे आखणी नव्हे. मला चार प्रश्नांची उत्तरे आणून द्या. अंतर किती? रस्ता कसा? वेळ किती लागेल? आणि कोण कोण येणार? उत्तरे पटली, तर मी स्वतः तुमच्याबरोबर येईन.”

वर्गप्रमुख उत्साहाने म्हणाला, “गुरुजी, मुंबईचे तरुण सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. मग आम्हांला हरिहरेश्वर का जमणार नाही?”

वर्गप्रमुखाचे म्हणणे खरे होते. १९२३ च्या ऑक्टोबर महिन्यात मुंबईतील सहा पारशी तरुण सायकलवरून जगाच्या प्रवासास निघाले होते. इराण व इराक या देशांतून ते युरोपात गेले. पुढे अमेरिका व जपान असा प्रवास झाला आणि १९२८ च्या मार्च महिन्यात, सुमारे ७१,००० किलोमीटर अंतर तोडून, ते मुंबईस परतले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा ही त्यांची नावे.

“तू सहा म्हणालास की तीन?” गुरुजींनी विचारले.

“निघाले सहा. पोहोचले तीन,” वर्गप्रमुख उत्तरला.

“त्यांचा प्रवास साडेचार वर्षांचा होता. तशा प्रवासात सोबती मागे राहू शकतात. आपली सहल एका दिवसाची आहे. तिच्यात निघतील तितके परतले पाहिजेत,” एवढेच बोलून गुरुजी वर्गावर गेले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. मोबाइलवरील नकाशात दिवेआगर ते श्रीवर्धन हे अंतर समुद्रकाठच्या रस्त्याने वीस-बावीस किलोमीटर दिसले. श्रीवर्धनपासून हरिहरेश्वर आणखी अठरा-वीस किलोमीटर. जाण्यायेण्याचे मिळून ऐंशी किलोमीटर धरावे, असे ठरले. वेळेच्या प्रश्नाला मात्र नकाशाकडे उत्तर नव्हते. नकाशा मोटारीचा वेळ सांगत होता. तो या चौदा सायकलींना लागू पडणारा नव्हता.

म्हणून गुरुजींनी चाचणी घेण्यास सांगितले. गावाबाहेरच्या सपाट रस्त्यावर जाऊन-येऊन सहा किलोमीटर अंतर मोजण्यात आले. व्यायामशिक्षिका बाई हातात घड्याळ घेऊन उभ्या राहिल्या. वर्गप्रमुख सर्वांत आधी, चोवीस मिनिटांत परतला. म्हणजे त्याचा वेग ताशी १५ किलोमीटर पडला. त्याच्यामागून एकेक जण येत गेले. आठवीतील एक मुलगी सर्वांत शेवटी आली. तिला छत्तीस मिनिटे लागली. तिचा वेग ताशी १० किलोमीटर भरला. तिची सायकल तिच्या वडिलांची होती. काळी, जुनी, जड आणि मागे रुंद कॅरिअर असलेली. वडील तिच्यावरून नारळांची पोती वाहून नेत.

दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर गणित मांडण्यात आले. पहिल्याच ओळीवर वाद झाला. वेग कोणता धरावयाचा? कोणी पंधरा म्हणाले, कोणी सरासरी काढावी असे सुचविले. गुरुजींनी विचारले, “सरासरी वेगाने गेलात, तर शेवटची सायकल कोठे असेल?” मुले विचारात पडली. सरासरीने हिशेब जुळतो, परंतु रस्त्यावर सरासरी नावाची सायकल नसते. जो सर्वांत हळू जातो, तो पोहोचेल तेव्हाच सर्वजण पोहोचले असे म्हणता येते. अखेर फळ्यावर १० हा आकडा लिहिला गेला.

ऐंशी किलोमीटरला आठ तास. दर अर्ध्या तासाने पाच मिनिटांचा थांबा धरला, तर त्याचा एक तास वीस मिनिटे. चढणींवर उतरून सायकल हातात धरून चालावे लागणार, त्याचा जादा एक तास. जेवण आणि पाहणे यांसाठी दोन तास. एकूण बारा तास वीस मिनिटे. जानेवारीअखेर या भागात सूर्य सकाळी सातनंतर उगवतो आणि सायंकाळी साडेसहाच्या सुमारास मावळतो. दिवस साडेअकरा तासांचाही नाही. याचा अर्थ असा की, शेवटचा प्रवास अंधारात, वळणांच्या रस्त्याने, दमलेल्या पायांनी करावा लागणार होता.

वर्गात शांतता पसरली. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, “पंधराच्या वेगाने साडेपाच तासांतच होते. ज्यांना जमेल, त्यांनीच जावे.”

बोलणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण शेवटी आलेली ती मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, माझे नाव यादीतून कमी करा. माझ्यामुळे सगळ्यांना उशीर नको.” असे म्हणून ती खाली बसली आणि तिने वहीत मान घातली.

गुरुजींनी नाव कमी केले नाही आणि कोणाला रागेही भरले नाहीत. त्यांनी वर्गप्रमुखाकडे वळून विचारले, “काल शेवटी कोण आले, ही मुलगी की तिची सायकल?” वर्गप्रमुखाला प्रश्न नीट कळला नाही. “ते समजून घेण्याचा एक मार्ग आहे,” गुरुजी म्हणाले. “एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी.”

त्या सायंकाळी तीच चाचणी पुन्हा झाली. या वेळी दोघांनी सायकलींची अदलाबदल केली. वर्गप्रमुख त्या काळ्या सायकलीवर बसला, आणि सहा किलोमीटर संपवून परतला तेव्हा तो घामाने निथळत होता. त्याला चौतीस मिनिटे लागली होती. मुलगी त्याच्या हलक्या सायकलीवर सत्तावीस मिनिटांत आली. काही बोलण्याचे कारणच उरले नाही.

मग सर्वजण त्या काळ्या सायकलीभोवती जमले. समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेत लोखंड लवकर गंजते. तिची साखळी तांबडी पडली होती आणि पायटा मारताना करकरत होती. चाकांत हवा कमी होती. बैठक वडिलांच्या उंचीची असल्यामुळे मुलीचे पाय पायट्यांवर पूर्ण टेकत नव्हते, आणि त्यामुळे जोर वाया जात होता. गावातील सायकल दुरुस्त करणाऱ्याने साखळी घासूनपुसून तिला तेल दिले, ब्रेकचे रबर बदलले, बैठक खाली घेतली आणि हवा भरली. तिसऱ्या चाचणीत मुलीला बत्तीस मिनिटे लागली. मुले आनंदली, आणि फळ्यावरचा १० पुसून ११ लिहावयास धावली. गुरुजींनी त्यांना थांबविले. “मिळालेला लाभ हिशेबात खर्च करू नये,” ते म्हणाले. “तो गाठीशी असू द्यावा. वाटेत त्याची गरज लागते.”

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे रस्त्याकडे, वळावयाचे होते. श्रीवर्धनला जाण्यास दोन रस्ते आहेत. एक बोर्ली पंचतनवरून डोंगरातून जातो. दुसरा भरडखोल, शेखाडी, आरावी या गावांवरून समुद्राच्या काठाने जातो. डोंगरातल्या रस्त्यावर चढणी अधिक आणि मोठ्या वाहनांची ये-जाही अधिक, म्हणून काठाचा रस्ता पसंत करण्यात आला. एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी तरुणपणी या वाटेने अनेकदा प्रवास केला होता. थांबण्यास सावली कोठे मिळेल, हे त्यांनी आठवून आठवून सांगितले. नातवाने त्या जागा कागदावर उतरवून घेतल्या.

पुढच्या रविवारी गुरुजी व दोन विद्यार्थी रिक्षाने त्या रस्त्याने जाऊन आले. चढणी कोठे आहेत, वळणे किती आहेत, पिण्याचे पाणी कोठे मिळते, मोबाइलचा संपर्क कोठे तुटतो, याची त्यांनी नोंद केली. आजोबांनी सांगितलेल्या जागाही त्यांनी शोधल्या. त्यांतील काही सावल्या तेथे नव्हत्याच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर येऊन धडकले. दिवेआगर-श्रीवर्धन परिसरातील नारळी, पोफळी, आंबे व सुरू यांची असंख्य झाडे एका दिवसात उन्मळून पडली. लोकांनी पुन्हा लागवड केली, परंतु पोफळीचे रोप फळू लागण्यास सहा-सात वर्षे तरी लागतात आणि डेरेदार सावली धरणारे झाड वाढण्यास त्याहूनही अधिक काळ जातो. आजोबांची आठवण खोटी नव्हती. झाडे गेली होती, आठवण मात्र राहिली होती. कागदावर नव्या जागा लिहिण्यात आल्या. परत आल्यावर नातवाने आजोबांना ती हकीकत सांगितली, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बघून आलात, ते बरे केलेत.”

त्याच फेरीत भरडखोल येथे आणखी एक लाभ झाला. भरडखोल हे कोळ्यांचे गाव आहे. किनाऱ्यावर एक वृद्ध तांडेल जाळे नीट करीत बसला होता. मुलांनी त्याला आपला बेत सांगितला. तांडेलाने दोनच प्रश्न विचारले. “तिथी कोणती? आणि वारा कुठला?”

मुलांनी पौर्णिमेचा रविवार निवडला होता. परतताना अंधार झालाच, तर चांदणे असेल, असा त्यांचा विचार होता. तांडेल हसला. “पोरांनो, तिथीला पाऊणपट करा. जो आकडा येईल, त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेची तिथी पंधरावी. पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान पाणी वर. तुम्ही हरिहरेश्वरला कधी पोहोचणार?”

विद्यार्थ्यांनी हिशेब केला. सकाळी सव्वासातला निघून चाळीस किलोमीटर गेल्यावर दुपारचे साडेबारा तरी वाजणार होते. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट खडकांवरून जाते, आणि भरतीच्या वेळी तेथे जाता येत नाही. ज्या वाटेसाठी इतका आटापिटा चालला होता, ती वाट त्यांना बंदच मिळाली असती.

मग तांडेलाने वाऱ्याची गोष्ट सांगितली. पूर्वी, यंत्रे नव्हती तेव्हा, शिडाची होडी पहाटे जमिनीवरच्या वाऱ्याने समुद्रात जाई आणि दुपारी समुद्रावरच्या वाऱ्याने घरी येई. गुरुजींनी त्यामागील कारण मुलांना समजावून दिले. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि लवकर निवते. दिवसा जमिनीवरील हवा तापून वर जाते, आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरील थंड हवा येते. हे खारे वारे होत. रात्री जमीन निवते, तेव्हा हवा उलट दिशेने, जमिनीकडून समुद्राकडे वाहते. हे मतलई वारे होत. कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात दुपारचा वारा बहुधा वायव्येकडून येतो. दिवेआगर उत्तरेस आणि श्रीवर्धन दक्षिणेस. तेव्हा दुपारी श्रीवर्धनकडे जाणाऱ्याच्या तो पाठीशी असतो, आणि दुपारी दिवेआगरकडे परतणाऱ्याच्या छातीवर येतो.

मुलांच्या बेतात सारे नेमके उलटे होते. सकाळी, वारा नसताना, ती दक्षिणेस जाणार होती, आणि दुपारी, दमल्यावर, वाऱ्याशी झुंजत उत्तरेस येणार होती. ते लक्षात आल्यावर दोघांपैकी एकजण म्हणाला, “गुरुजी, होडीचे वेळापत्रक सायकलीलाही लावता येईल का?”

या प्रश्नातून नवी आखणी निघाली. शनिवारी शाळा सकाळची असते. शाळा सुटल्यावर जेवून दोन वाजता निघावयाचे. वारा पाठीशी घेऊन सायंकाळी श्रीवर्धनला पोहोचावयाचे. रात्री तेथील एका शाळेच्या सभागृहात मुक्काम करावयाचा. रविवारी सूर्योदयानंतर लगेच निघून, खारे वारे सुटण्याच्या आत, दिवेआगर गाठावयाचे. बावीस किलोमीटरला दोन तास बारा मिनिटे, थांब्यांची वीस मिनिटे, चढणींची पाऊण तास. मिळून सव्वातीन तासांहून थोडे अधिक. साडेपाचच्या आत श्रीवर्धन येणार होते, आणि सूर्यास्तापूर्वी तासभर हाताशी उरणार होता.

हरिहरेश्वर मात्र गळले. आठवड्यापूर्वी ज्या नावासाठी सर्वांनी हात वर केले होते, ते नाव फळ्यावरून पुसताना वर्गप्रमुखाचा हात क्षणभर अडखळला. पण त्याला कोणी अडविले नाही, कारण प्रत्येक आकडा त्यांनीच काढला होता.

पुढील कामे वाटून देण्यात आली. पालकांची सभा भरविण्यात आली व त्यांची लेखी संमती घेण्यात आली. बाई मुलींबरोबर येणार, हे कळल्यावर मातांची काळजी मिटली. श्रीवर्धनच्या रुग्णालयाचा आणि वाटेवरील गावांतील परिचितांचे दूरध्वनी क्रमांक चार वह्यांत लिहून ठेवण्यात आले. एकच वही असली आणि ती हरवली, तर काय, हा विचार एका मुलीने मांडला होता. पंक्चर काढण्याचे साहित्य, दोन जादा ट्यूब, हवेचा पंप, पाने आणि तेलाची डबी अशी एक पिशवी तयार झाली. दुसरीत प्रथमोपचाराची पेटी ठेवली. प्रत्येकाने दोन बाटल्या पाणी, गूळ-शेंगदाणे, दशम्या, अंथरूण-पांघरूण आणि एक जादा कपडा एवढेच घ्यावयाचे होते. कोणी चेंडू-फळी आणतो म्हणाले, त्यास आपले सामान स्वतः उचलून शाळेला पाच फेऱ्या घालण्यास सांगितले. तिसऱ्या फेरीत त्याने फळी घरी ठेवण्याचे कबूल केले.

शेवटी प्रश्न उरला तो रांगेचा. एकामागून एक, रस्त्याच्या डाव्या कडेने, डोक्याला शिरस्त्राण घालून आणि मध्ये दोन सायकलींचे अंतर ठेवून चालावयाचे, हे सर्वांना मान्य होते. पण पुढे कोणी असावे? वेगाने जाणाऱ्यांनी पुढे आणि हळू जाणाऱ्यांनी मागे, ही रीत स्वाभाविक वाटत होती. बाईंनी ती उलटविली. पुढे गुरुजी, आणि त्यांच्या लगेच मागे ती काळी सायकल. तिचा जो वेग, तोच सर्वांचा वेग. सर्वांत शेवटी वर्गप्रमुख. कारण मागे पडणाऱ्यास मदत करण्यास सर्वांत समर्थ माणूस मागेच हवा. दुरुस्तीची पिशवी आणि एक शिटी त्याच्या स्वाधीन करण्यात आली. लांब शिटी वाजली, की पुढच्याने पुढच्यास हाक देत सर्वांनी थांबावयाचे.

ठरल्या शनिवारी दोन वाजता चौदा विद्यार्थी, गुरुजी आणि बाई निघाले. भरडखोल मागे पडले आणि रस्ता समुद्राला बिलगला. उजव्या हातास निळे पाणी, डाव्या हातास डोंगर, आणि पाठीवर वारा. पहिल्या चढणीवर हलक्या सायकली व जड सायकली यांतील भेद नाहीसा झाला, कारण सर्वांनाच उतरून चालावे लागले. शेखाडी ओलांडल्यावर मागून लांब शिटी ऐकू आली. क्षणात हाकांची साखळी पुढे पोहोचली आणि रांग थांबली. पंक्चर झाली होती ती वर्गप्रमुखाचीच सायकल! जुन्या काळ्या सायकलीचे जाड टायर मात्र शाबूत होते. ती मुलगी मागे आली, तिने पंप धरला, आणि दोघांनी मिळून अठरा मिनिटांत चाक पूर्ववत केले. गाठीशी ठेवलेला वेळ येथे उपयोगी पडला.

पावणेसहा वाजता रांग श्रीवर्धनमध्ये शिरली. सूर्य अजून पाण्याच्या वर होता. गुरुजींनी मोजणी केली. निघाले सोळा, पोहोचले सोळा. १७१३ मध्ये पेशवेपद मिळविणाऱ्या बाळाजी विश्वनाथ भट यांच्या घराण्याकडे या गावची देशमुखी होती. मुलांनी पेशव्यांचे स्मारक पाहिले, लक्ष्मीनारायणाचे दर्शन घेतले, आणि रात्री बाईंच्या देखरेखीखाली पुळणीवर बसून पूर्ण भरत आलेला चंद्र पाहिला. दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर ती निघाली. समुद्र अजून शांत होता. आरावीच्या पुढे वारा जवळजवळ नव्हताच. भरडखोलच्या किनाऱ्यावर तोच तांडेल उभा होता. त्याने हात उंचावून रांगेतल्या सायकली मोजल्या आणि समाधानाने मान हलविली. खारे वारे सुटले, तेव्हा मुले आपापल्या घरी न्याहारी करून बसली होती.

सहलीचे टिपण तयार करून शाळेच्या ग्रंथालयात ठेवावे, असे ठरले. अंतर, वेळ, चढणी, पाण्याच्या जागा, नव्या सावल्या आणि तिथीचा हिशेब, सारे त्यात आले. ते लिहून काढण्याचे काम काळ्या सायकलीच्या मुलीकडे आले, कारण तिचे अक्षर सुबक होते. सर्वांत शेवटी तिने एक ओळ घातली. “हरिहरेश्वर राहिले आहे. दोन मुक्काम करावेत. दुपारी ओहोटी असेल, अशी तिथी निवडावी. वेग ताशी १० धरावा.”

पुढच्या वर्षी सातवीत येणाऱ्या मुलांनी ते टिपण आतापासूनच वाचावयास नेले आहे.

स्वाध्याय

१. “बेत म्हणजे आखणी नव्हे,” असे गुरुजी का म्हणाले?

२. वेगाची सरासरी न घेता सर्वांत कमी वेग का धरण्यात आला?

३. सायकलींची अदलाबदल केल्याने कोणती गोष्ट स्पष्ट झाली?

४. खारे वारे व मतलई वारे यांतील फरक सांगा. सहलीची वेळ ठरविताना त्यांचा उपयोग कसा झाला?

५. तांडेलाच्या रीतीने षष्ठीस व दशमीस पूर्ण भरती किती वाजण्याच्या सुमारास येईल, ते काढा.

६. आजोबांची माहिती प्रामाणिक असूनही ती पडताळून पाहावी लागली. याचे कारण पाठाच्या आधारे लिहा.

७. तुमच्या गावाजवळील एखाद्या तळ्याच्या, डोंगराच्या किंवा नदीकाठच्या वाटेने सायकल सहल काढावयाची आहे, असे समजून तिची आखणी करा. तुमच्यापैकी सर्वांत हळू जाणाऱ्याचा वेग प्रथम मोजा.